आधी बांधावर, मग सातबाऱ्यावर: मिटलेल्या भांडणाची जमीन कमी खर्चात कागदावर कशी आणावी

भावकीतलं भांडण मिटलं की चहा होतो, सप्त्याच्या पंगतीत दोघांना शेजारी बसवतात आणि सगळे मोकळे होतात. कागदाचं नाव कुणी काढत नाही. आत्ताच गोडी झाली, लगेच कागद मागितला तर विश्वास नाही असं दिसेल, ही भीती. मग आठ-दहा वर्षांनी एक म्हातारा जातो, त्याचा पोरगा पुण्याहून येतो, मोबाईलवर सातबारा उघडतो आणि विचारतो, "काका, आमच्या गटात तुमची तूर कशी काय?" इथून दुसरं भांडण सुरू होतं. ते पहिल्यापेक्षा वाईट असतं, कारण पहिल्याच्या वेळचे साक्षीदार तोवर गेलेले असतात.

भांडण थंडावलंय आणि नोंद अजून झालेली नाही, अशा मधल्या काळात गावानं काय करावं, ते इथे लिहितोय. माझा अनुभव बीड आणि धाराशिव भागातल्या बैठकांचा आहे. मी वकील नाही. बैठकीत वही सांभाळणारा माणूस आहे, एवढं समजून वाचा.

नोंद आणि ताबा एवढे लांब का गेले

मराठवाड्यात ही फारकत जुनी आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. रझाकारीच्या दिवसांत बरीच कुटुंबं गाव सोडून गेली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजेनं निजामाचं राज्य ताब्यात घेतल्यावर, मुसलमान कुटुंबांवर हल्ले झाले. त्याची पाहणी करायला आलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. मागे राहिलेली रानं कुणी ना कुणी कसली. पुढे १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला, १९५४ चा इनाम रद्द करण्याचा कायदा आला. काहींना संरक्षित कूळ म्हणून हक्क मिळाला, काहींचं नाव लागायचं राहून गेलं. त्यावर गट पाडणी, तोंडी वाटण्या, उसन्या पैशात लिहून दिलेली आणि कधीच न सोडवलेली शेतं. त्यामुळे तुमच्या गावात सातबारा आणि रान जुळत नसेल तर लगेच कुणाला चोर ठरवू नका. अनेक ठिकाणी दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

पहिलं काम: जमीन कोणत्या प्रकारची ते बघा

बैठक बोलवण्याआधी हे करा, नाहीतर चार महिन्यांची मेहनत पाण्यात जाते. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. दोन्ही गटांचे सातबारे आणि दोघांचे आठ-अ (एका खातेदाराची गावातली सगळी जमीन दाखवणारा उतारा) काढा. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? "इतर हक्क" रकान्यात काय आहे? बँकेचा बोजा, कूळ, इनाम, सीलिंग, वक्फ, देवस्थान, काहीही असेल तर ते वहीत लाल पेनानं लिहा. वर्ग २ ची जमीन दुसऱ्याच्या नावावर करायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. मशिदीच्या किंवा देवळाच्या सेवेसाठी दिलेली जमीन दोन भावांनी आपसात मिटवून आपली होत नाही. हे बैठकीत उशिरा कळलं की बैठकीवरचाच विश्वास उडतो.

त्यानंतर मागे जा. सातबाऱ्यावर फेरफार, म्हणजे नोंदीतल्या बदलांचे, क्रमांक असतात. त्यांच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. मराठवाड्यात सगळ्यात कामाचा जुना कागद म्हणजे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक: त्या साली कोण कसत होतं ते त्यात दिसतं. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात टिपण, फाळणी, आकारबंद हे मोजणीचे आणि क्षेत्राचे जुने कागद मिळतात. त्याहून जुना कागद उर्दूत किंवा मोडीत असेल आणि त्यावर फसली साल, म्हणजे निजामाच्या काळातलं महसुली साल, असेल. फसली सालात ५९० किंवा ५९१ मिळवा, म्हणजे इसवी सन निघतो. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. उर्दू वाचणारा म्हातारा गावात किंवा शेजारच्या गावात सापडतो. त्याला सन्मानानं बोलवा, पण कचेरीत द्यायचा तर्जुमा अधिकृत माणसाकडूनच करून घ्या.

बैठक कधी आणि कुणी बोलवायची

गुढीपाडवा ते मृग, एवढाच काळ खरा. रान मोकळं असतं, बांध दिसतो, सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं म्हणून शेताच्या गोष्टी तशाही निघतात, आणि मुख्य म्हणजे ऊसतोडीला गेलेली माणसं कारखाने बंद होऊन गावी आलेली असतात. दिवाळीनंतर घेतलेली बैठक म्हणजे बीड जिल्ह्यातल्या काही तांड्यांवर आणि वस्त्यांवर फक्त म्हातारे आणि कुलपं. त्यांच्या गैरहजेरीत झालेला ठराव एप्रिलमध्ये मोडतो, आणि मोडायलाच हवा.

बोलवायचं कुणी, हा प्रश्न नाजूक आहे. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून गावोगाव समित्या आहेत. काही जिवंत आहेत, काही फक्त कमानीवर उरल्या आहेत. समिती चालत असेल तर तिच्यामार्फत घ्या. पण अध्यक्ष एका बाजूचा सोयरा असेल तर सरळ सांगा की या विषयापुरता तो बाजूला बसेल. आमच्याकडे एकदा हे सांगायची हिंमत कुणाला झाली नाही. पाच बैठका झाल्या, सहाव्या वेळी दुसरी बाजू आलीच नाही.

एक गोष्ट या बैठकीत कधीच आणायची नाही: फौजदारी केस मागे घेण्याची अट. दलित किंवा आदिवासी माणसाच्या जमिनीवर बळजबरीनं कब्जा करणं हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. "जमिनीचं बघू, आधी केस काढ" असं म्हणणारा मध्यस्थ मध्यस्थ राहिलेला नसतो. जमिनीची बोलणी जमिनीची, केस कोर्टाची.

शिवारफेरी

सगळं काम इथे आहे, म्हणून इथे वेळ घाला.

गावाचा नकाशा महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो. वादातल्या गटांचा भाग मोठा करून छापून घ्या; झेरॉक्सवाला ए-थ्री कागदावर काढून देतो. सोबत त्याच भागाचं उपग्रह छायाचित्र छापा. दोन रंगांची पेनं, ३३ फुटांची साखळी किंवा लांब टेप, चुन्याची पिशवी, एक जाड वही. एवढंच सामान.

सकाळी सहाला निघा. सोबत दोन्ही बाजू, चारही बाजूंचे लगतचे शेतकरी, त्या रानात राबलेला एखादा जुना सालगडी आणि वाचता-लिहिता येणारी दोन पोरं. कोतवाल आला तर फारच उत्तम. सुरुवात ज्या खुणेवर कुणाचाच वाद नाही तिथून करा: विहीर, ओढ्याचं वळण, जुनं लिंबाचं झाड, शिवेचा दगड. तिथून पायी बांधानं चालायचं. प्रत्येक वळणावर थांबून विचारायचं, "इथपर्यंत कबूल?" दोघं हो म्हणाले की चुना टाकायचा आणि पोरानं छायाचित्रावर निळी रेघ ओढायची. जिथे नाही म्हणतील तिथे लाल रेघ, दोघांच्या म्हणण्याप्रमाणे दोन, आणि पुढे चालायचं. तिथे वाद घालत बसायचं नाही. हा नियम कडक पाळा. चालून संपल्यावर लोकांना स्वतःलाच दिसतं की हजार फुटांच्या बांधातल्या आठशे-नऊशे फुटांवर वाद नव्हताच. भांडण एका कोपऱ्याचं, एका आंब्याच्या झाडाचं किंवा बैलगाडी वळवायच्या जागेचं होतं.

ही पद्धत काही मी शोधलेली नाही. रवांडामध्ये १९९४ च्या नरसंहारानंतर, लाखो माणसं परागंदा होऊन परतल्यावर, जमीन कुणाची हा प्रश्न देशभर होता. तिथे २००९ पासूनच्या काही वर्षांत एक कोटीहून अधिक तुकडे नोंदवले गेले, तेही असेच: हवाई छायाचित्र, गावातलीच शिकवलेली पोरं, शेजाऱ्यांसमोर चालून ओढलेली रेघ. एका तुकड्याचा खर्च सात डॉलरच्या आत राहिला. रेघ अगदी काटेकोर नव्हती, पण शेजाऱ्यांनी मान्य केलेली होती. इथिओपियात त्याआधी याहूनही स्वस्तात, गाव-समित्यांच्या हातून, पहिल्या फेरीची प्रमाणपत्रं दिली गेली. अम्हारा भागात नवऱ्यासोबत बायकोचंही नाव आणि फोटो लागला. आपला कायदा वेगळा आहे, आपल्याकडे गावानं ओढलेल्या रेघेला स्वतःचं कायदेशीर बळ नाही. पण त्यांचा क्रम आपल्या कामाचा आहे: आधी शेजाऱ्यांची कबुली, मग मोजणीदार.

मोबाईलबद्दल एक इशारा. क्षेत्र मोजायची ॲपं पोरांना फार आवडतात. उघड्या रानातसुद्धा मोबाईलच्या जीपीएसची चूक चार-पाच मीटर जाते. दोनशे मीटर लांबीच्या बांधावर पाच मीटरची चूक म्हणजे एक हजार चौरस मीटर, दहा आर, जवळजवळ दहा गुंठे. एवढ्यावर आपल्याकडे डोकी फुटलेली आहेत. ॲपचा उपयोग फोटोला ठिकाण जोडण्यापुरता ठेवा. अंतर साखळीनं मोजा. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हा हिशोब बांधावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो, त्यामुळे आकड्यावर विश्वास बसतो.

काळ्या रानाचा आणखी एक गुण लक्षात घ्या. उन्हाळ्यात ती माती भेगाळते, पावसात फुगते, आणि वरवर ठेवलेला दगड काही वर्षांत कलतो किंवा बुडतो. त्यात दरवर्षी नांगराचं एक तास बांधाला लागतं. म्हणून "बांध सरकला" म्हणजे प्रत्येक वेळी मुद्दाम कोरला असं होत नाही. कबूल झालेल्या वळणावर दगड हातभर खोल पुरा, खाली कोळसा किंवा विटांचे तुकडे टाका. दगड गेला तरी ती खूण उकरून सापडते.

जे फेरीत दिसत नाहीत

बहिणी, विधवा, बटईवाले (दुसऱ्याचं रान वाट्यानं कसणारे). या तिघांची नावं घेतल्याशिवाय वही बंद करायची नाही.

२००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली बाप जिवंत असण्याची अट नाही. तरीही भावाभावांचा समझोता होतो आणि बहिणीला फोनसुद्धा जात नाही. मग फेरफाराची नोटीस तिच्या सासरी पोचते आणि ती, किंवा तिचा नवरा, हरकत घेतो. तिला पहिल्या बैठकीपासून बोलवा. हक्क सोडायचा की नाही ते तिचं ती ठरवेल. सोडला तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागतं. राखीच्या दिवशी साध्या कागदावर घेतलेला अंगठा चालत नाही, आणि असा अंगठा घेणाऱ्यांची मला लाज वाटते.

शेतकरी आत्महत्येतल्या घरातली विधवा हा तर मराठवाड्याचा रोजचा प्रश्न. दीर म्हणतो, "वहिनीला खायला घालतोच की." वारस म्हणून तिचं आणि मुलांचं नाव आधी लावून घ्या, मग समझोत्याचं बोला. नवरा हयात असेल आणि राजी असेल तर १९९२ च्या लक्ष्मी मुक्तीच्या शासन निर्णयाप्रमाणे तो स्वतःच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो.

बैठक रात्री देवळासमोर ठेवली तर बाया येत नाहीत. दुपारी शाळेच्या खोलीत ठेवा. बचत गटाच्या बैठकीला जोडून ठेवली तर आणखी बरं.

वाचन आणि हरकत

फेरीनंतर नकाशा आणि यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पंधरा दिवस लावा. एक दिवस सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा: गट नंबर, क्षेत्र, सातबाऱ्यावर कोण, ताब्यात कोण, किती वर्षांपासून, लाल रेघ कुठे. महसूल खात्याचं चावडी वाचन असतं, त्याच धर्तीवर. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका, पण फक्त त्यावर विसंबू नका. ज्याचं नुकसान होणार असतं तो नेमका ग्रुपमध्ये नसतो. आलेली प्रत्येक हरकत नाव, तारीख आणि सहीनिशी लिहून घ्या, मग ती कितीही फालतू वाटो.

आता कायद्याचं दार निवडा

बाँडवर "आम्ही आपसात मिटवले" असं लिहून नोटरी केलं म्हणजे झालं, हा आपल्याकडचा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. त्यानं मालकी बदलत नाही. कुठला वाद आहे त्यावरून दार ठरतं.

एकाचं रान दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या, असं उलटसुलट असेल तर सलोखा योजना. शासनानं ती जानेवारी २०२३ मध्ये आणली. ताबा किमान १२ वर्षांचा हवा, जमीन शेतीची हवी, दोघांची संमती हवी. तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात, मग अदलाबदलीचा दस्त होतो. मुद्रांक शुल्क नाममात्र १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. बाजारभावानं शुल्क भरावं लागलं असतं तर कोरडवाहू शेतकऱ्यानं हे दार उघडलंच नसतं. तुमची वही आणि शेजाऱ्यांच्या सह्या पंचनाम्याच्या वेळी इथे कामी येतात. योजना मुदतीची आहे, म्हणून अर्जाआधी दुय्यम निबंधक कार्यालयात चालू मुदत विचारा.

भावाभावांतली तोंडी वाटणी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. सगळे सहधारक राजी असतील तर कमी खर्चात काम होतं. मालकीचाच वाद निघाला तर मात्र तहसीलदार थांबतात आणि दिवाणी न्यायालय गाठावं लागतं. म्हणून अर्जाआधी सगळ्यांच्या सह्या. वाटणीत तुकडा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठ्यांपेक्षा, लहान पडत नाही ना तेही बघा.

मयताचं नाव तसंच असेल तर वारस नोंद. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं. २०२५ मध्ये महसूल खात्यानं "जिवंत सातबारा" मोहीम याच कामासाठी घेतली होती. आजोबांचं नाव अजून असेल तर आधी आजोबांचे, मग वडिलांचे वारस, असं क्रमानं जा.

कोर्टात दावा चालू असेल तर समझोता बाहेर ठेवू नका, तिथेच दाखल करा. लोकअदालतीत मिटवला तर निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ येतं, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

रस्ता विसरू नका. जमिनीचं मिटवून पांदणीचं तसंच सोडलेले समझोते पहिल्या सोयाबीनच्या काढणीला फुटतात, कारण मळणी यंत्र आत जायला वाट नसते. रुंदी फुटांत लिहा, कुठल्या बाजूनं ते लिहा, आणि "इतर हक्क" रकान्यात नोंद मागा. चालू रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. "बघू, समजावून सांगू" म्हणत ते सहा महिने निघून जातात.

गायरानाचं वेगळं

मराठवाड्यात भूमिहीन, बहुतेक दलित आणि भटक्या कुटुंबांनी गायरान कसलं ते हौसेनं नव्हे. १९५९ चा दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह, १९७८ ची नामांतराच्या वेळची जाळपोळ, हा सगळा त्यामागचा इतिहास आहे. इथे शेजाऱ्यांच्या कबुलीनं काम भागत नाही, कारण जमीन सरकारची. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयात १४ एप्रिल १९९० ही मर्यादा आहे. त्याआधीपासून कसत असल्याचा पुरावा गावानं मिळून गोळा करावा: गाव नमुना एक-ई मधली अतिक्रमणाची नोंद, दंडाच्या पावत्या, जुनी पीक पाहणी, त्या काळातले पंचनामे. कुटुंबनिहाय एक पिशवी, वर नाव आणि गट, आत मूळ कागद. अर्जासोबत फक्त झेरॉक्स. मर्यादेनंतरच्या ताब्याचं "करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक गावजमिनीवरचे कब्जे नियमित करण्याची वाट फार अरुंद झाली आहे.

मोजणी शेवटी

बहुतेक लोक मोजणीपासून सुरुवात करतात. पैसे भरले, मोजणीदार आला, खुणा केल्या, आणि दुसऱ्या दिवशी खुणा उपटलेल्या. निळी रेघ आधी झालेली असली तर मोजणीदाराला फक्त लाल कोपरा काळजीपूर्वक बघावा लागतो आणि उरलेल्या ठिकाणी त्याच्या खुणांना कुणी हात लावत नाही. लगतच्या शेतकऱ्यांना नोटिसा पोचल्या आहेत ना ते तुम्ही स्वतः विचारा. दोघांनी फी निम्मी-निम्मी भरा. एकानं भरली की मोजणी त्याची होते.

दस्त झाला की फेरफार धरला जातो. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, ती "आपली चावडी"वरही दिसते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नवा सातबारा हातात आला की क्षेत्राचा आकडा, नावाचं स्पेलिंग आणि आठ-अ वरची बेरीज तिथल्या तिथे तपासा. लिहिण्यातली चूक असेल तर कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या. आमच्या वहीत एका बाईचं नाव सासरचं आणि सातबाऱ्यावर माहेरचं आलं होतं. पीक विमा अडकला तेव्हा कळलं.

वही, निळ्या-लाल रेघांचा नकाशा आणि सह्यांचे कागद तीन प्रतींत ठेवा: दोन्ही घरी एकेक आणि तिसरी ग्रामपंचायतीच्या कपाटात. चौथी प्रत आम्ही शाळेच्या मुख्याध्यापकांकडे देतो. ग्रामपंचायतीत सत्ता बदलली की कपाट कुणी कसं आवरेल ते सांगता येत नाही.